अडसरगडचा मोहरदार आणि टोपलीतला वारा

एका राज्यात, जिथे पाऊस म्हणून कधी पडत नाही आणि तरीही जवाची कणसं माणसाच्या छातीला लागतात अशा एका राज्यात, एक नदी होती. नदीच्या काठाकाठाने राज्य, आणि काठ सोडून चार पावलं टाकली की वाळवंट. तिथले राजे मोठे गमतीचे. जिवंत असेपर्यंत मातीच्या वाड्यात राहायचे आणि मेल्यावर राहायला डोंगराएवढं दगडी घर बांधून घ्यायचे. प्रजा दगड ओढता ओढता मनापासून म्हणायची, महाराज दीर्घायुषी होवोत. कारण महाराज गेले की नवे महाराज यायचे, आणि नवे महाराज आले की नवा डोंगर निघायचा.

या राज्याच्या दक्षिण टोकाला नदी काळ्या खडकांवर आपटून फुटत असे. तिथे मधोमध एक बेट होतं, बेटावर एक किल्ला होता, आणि किल्ल्याचं नाव होतं अडसरगड. तट कच्च्या विटांचे, पण इतके रुंद की वर दोन गाढवं शेजारी शेजारी चालत भांडू शकत. किल्लेदार होते सोबेकराव. पोट पुढे, हुकूम मागे. रोज सकाळी ते राजधानीला निरोप धाडत, 'महाराजांचं सर्व काही क्षेम आहे.' मुदपाकखान्याला आग लागली त्या दिवशीही हाच निरोप गेला. राखेचं तेवढं वगळून.

गडाचा रिवाज ठरलेला. दक्षिणेकडून कुणीही आलं की दारात थांबवायचं, काय देवघेव असेल ती उंबऱ्यावर उरकायची, हातावर भाकर ठेवायची, जवाची दारू पाजायची आणि सूर्य बुडायच्या आत आल्या वाटेने परत लावायचं. आत घ्यायचं नाही. दुसरा रिवाज असा की गडावर जे जे बंद असेल, मडकं असो, पोतं असो, कोठाराचं दार असो, त्याच्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर मोहर उठवायची. मोहर मोडली की कुणीतरी हात मारला हे कळतं.

ही मोहर ज्याच्या बोटात होती त्याचं नाव इपी. हिरव्या दगडाची, शेणकिड्याच्या आकाराची मोहर. त्या राज्यात शेणकिडा देवाच्या पंगतीला बसतो. आपण हसू नये. इपीला मोहर उठवण्याचा भारी सोस. ओली माती दिसली की त्याच्या बोटांना खाज सुटायची. त्याने मडकी मोहरली, पोती मोहरली, एकदा कुत्र्याचं घर कुत्र्यासकट मोहरलं, आणि किल्लेदारांच्या वहाणा दाराबाहेर जोडीने ठेवलेल्या पाहून त्यांचीही गाठ मारून मोहर केली. सोबेकराव अर्धा दिवस अनवाणी फिरले. निरोप गेला, सर्व क्षेम.

पण या इपीचं एक दुखणं होतं. त्याची बायको तेती दूर उत्तरेला, त्याच्या गावी होती. गडावर बायका आणायला बंदी. नव्या महाराजांनी गादीवर बसताना दोन हुकूम काढले. एक, शिपायांनी बायका आणाव्यात. दुसरा, दक्षिणेचं चिटपाखरूही उत्तरेला जाऊ देऊ नये. पहिला हुकूम ऐकून इपी असा हरखला की दुसरा त्याने विचार न करता गिळून टाकला. तेतीचा सांगावा आला, 'धान्याची नाव निघते आहे, त्यातून मी येते.' त्या दिवसापासून इपी मोहर उठवताना गाऊ लागला, आणि गडावरच्या सगळ्यांना वाटलं, याला बंदीच बरी होती.

बुरुजावर एक टिटवी राहत असे. ती बोलायची. त्या राज्यात टिटव्या बोलत असत. ऐकणारे कमी होते, एवढंच.

पूर ओसरला आणि एके सकाळी दक्षिण दारात एक म्हातारी उभी राहिली. अंगावर बकऱ्याचं कातडं, डोक्यावर झाकणाची टोपली. टोपली आपोआप डुलत होती आणि आतून घोंघों आवाज येत होता.

"कोण?" इपीने विचारलं.

"कुमाय."

"कुठून?"

"दक्षिणेच्या डोंगरातून."

"टोपलीत काय?"

"वारा."

इपी हसला. पहारेकरी हसले. टिटवी हसली नाही.

"शिडांचा वारा आहे, बाबा," कुमाय म्हणाली. "दरसाल पूर ओसरला की मी त्याला उत्तरेला नेते आणि समुद्राच्या तोंडाशी सोडते. मग तो नदीवरून वर वर येतो, तुमची शिडं फुगवतो, तुमच्या नावा गडाला लागतात. मला जाऊ दे."

आता, गेल्या साली म्हातारी येऊन गेल्यावर जुन्या मोहरदाराने काम सोपवताना इपीला हे सांगायला घेतलं होतं. 'आणि बरं का, दरसाल पूर ओसरला की एक म्हातारी...' इतकं तो बोलला, आणि इपी म्हणाला, 'कळलं, कळलं.' ज्याला इतक्या लवकर कळतं त्याचं काय होतं ते आता ऐका.

"उत्तरेला जाता येणार नाही. महाराजांचा हुकूम," इपी म्हणाला. "ही भाकर, ही दारू. सूर्य बुडायच्या आत परत."

"चालून पाय सुजलेत. रात्रीपुरतं दारात टेकू दे."

"रिवाज नाही."

"मग टोपली तरी इथे बसून उघडू दे, त्याला दोन श्वास घेऊ देत."

"बंद टोपली गडाच्या दारात आली," इपी म्हणाला, "बंद वस्तूवर मोहर हवी." आणि बोलता बोलता त्याने झाकणाच्या दोरीवर मातीचा गोळा थापून शेणकिडा दाबलासुद्धा. फार सुरेख उठला. पाय मोजून घ्या असा.

कुमाय ओरडली नाही. ओरडणाऱ्या जादूगारिणी नवशिक्या असतात. तिने टोपली त्याच्या पायाशी ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझी मोहर, तुझी टोपली. ही माती आता दगड होईल. घणाने फुटणार नाही, आगीने तडकणार नाही. मातीला मऊ करतं ते पाणी. पण कुठलंही पाणी चालणार नाही. या दारातून ज्यांना तू परत लावलंस अशा तीन घरांचं पाणी हवं, आणि तेही त्यांनी आपणहून दिलेलं. तू तोंडाने मागितलंस, हाताने खुणावलंस, तर ती आणखी घट्ट होईल."

एवढं बोलून ती लंगडत परत गेली. दुपार झाली होती आणि खडक तापले होते. टोपलीवरची माती काळी झाली, चकाकली, आणि कातळासारखी कडक झाली.

त्या क्षणापासून नदीवर वारा म्हणून राहिला नाही. झेंडे लटकले. चुलीचा धूर सरळ वर गेला आणि तिथेच उभा राहिला, कुठे जावं ते न कळून. उकाडा असा की सोबेकराव नदीत मानेपर्यंत बसून कारभार पाहू लागले. धान्याची कोठारं रिकामी होत आली.

एक दिवस टिटवी उत्तरेकडून धापा टाकत आली आणि तटावर बसली.

"मोहरदार, तुझी बायको दिसली."

"कुठे? कशी आहे?"

"धान्याच्या नावेत. माणसांनी दोर ओढत नाव कड्यांच्या खिंडीपर्यंत आणली. पुढे चालायला काठच नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून पाण्याचा लोंढा. वारा नाही म्हणून वर येता येत नाही, आणि मागे मोठा भोवरा आहे म्हणून खाली जाता येत नाही. मधल्या एका सुळक्याला दोर बांधून नाव थांबली आहे. दोर खडकावर घासतो आहे."

"तेती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'त्यांना सांग, मी येतेच आहे.' दोराकडे पाहत नव्हती. मी पाहिलं."

गडावरून एक डोंगी मदतीला सोडली होती; खडकांनी तिचा चुरा केला, नावाडी पोहत परतले. मग इपीने घण आणला. घण मोडला. आग पेटवली, आग विझली. टोपलीतून वारा क्षीण आवाजात म्हणाला, "पुरे कर. मला लागतं."

तेव्हा इपी किल्लेदारांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, मी दक्षिणेला जातो."

सोबेकरावांनी पाण्यातून मान वर केली. "जा. सूर्य बुडायच्या आत परत ये."

"ते जमायचं नाही, साहेब."

"मग सावकाश ये," किल्लेदार म्हणाले, आणि पुन्हा पाण्यात गेले. मनाने वाईट नव्हते बिचारे. फक्त जड होते.

इपीने टोपली डोक्यावर घेतली, होते तेवढे दोन रिकामे भोपळे कमरेला बांधले आणि निघाला. टिटवी पुढे उडत राहिली.

पहिलं घर लागलं ते नदीकाठच्या गुराख्यांच्या वस्तीत. घराची मालकीण आशेमा. याच साली पुराआधी ती कातडी आणि लोणी घेऊन गडावर आली होती, बरोबर सुना होत्या, आणि एका सुनेला चालवत नव्हतं म्हणून तिने गडाच्या सावलीत बसू द्यायला सांगितलं होतं. इपीने सूर्य दाखवला होता. आशेमाने त्याला लांबूनच ओळखलं आणि अंगणात पाय रोवून उभी राहिली.

"कोण?" तिने विचारलं.

"इपी, अडसरगडचा मोहरदार."

"कुठून?"

"तू ओळखतेस, बाई."

"रिवाज आहे, विचारावं लागतं," आशेमा म्हणाली, आणि मागे सगळ्या सुना पदर तोंडात घालून हसू लागल्या. "टोपलीत काय?"

"वारा."

"बरं. ही भाकर. ही दारू. सूर्य बुडायच्या आत वाट धर."

इपी खाली बसला. भाकर जाड आणि कोरडी, चांगली करपवलेली. दारू घोटभर. भाकर घशात उतरेना. कोपऱ्यात पाण्याचा घडा, त्याच्या अंगावर थेंब जमलेले. इपीची नजर तिकडे जाई आणि तो घाबरून ती छपराला लावी; नजरेने मागणं म्हणजेही मागणंच झालं तर? असा तो छपराकडे टक लावून चावत बसला. सुनांना वाटलं, उन्हाने याचं डोकं गेलं.

आणि तेवढ्यात इपीला उचकी लागली.

साधी उचकी नव्हे. अंगासकट टोपली उडावी अशी. एक झाली, दुसरी झाली, थांबेना.

"अगं बाई," आशेमा म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "कुणीतरी जिवापाड आठवण काढतंय. घरी कोण आहे तुझ्या?"

"बायको," इपी म्हणाला, उचकी देत. "घरी नाही. नावेत. भोवऱ्याच्या तोंडाशी."

आशेमाने पुढचं काही विचारलं नाही. उठली, घड्यातून तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. "आधी पाणी पी. बाकीचं मग."

इपीने तांब्या घेतला, आणि सगळ्यांच्या देखत ते पाणी भोपळ्यात ओतून बूच मारलं. उचकी चालूच.

"पी की मेल्या!" सुना ओरडल्या.

मग त्याने शाप सांगितला. आशेमाने कपाळाला हात लावला, पुन्हा तांब्या भरला आणि म्हणाली, "तो तुझ्या भोपळ्याचा. हा तुझ्या घशाचा." दुसरं पाणी पिताना इपीच्या डोळ्यांतून पाणी आलं. उकाड्याने असेल.

"बाई, मी तुला सावलीसुद्धा दिली नव्हती."

"नाही दिलीस. तुझी भाकरही करपलेली होती," आशेमा म्हणाली. "पण दिली होतीस. आम्ही खाल्ली, सून चालली, घरी पोचलो. आता ऊठ, तोंड पूस."

दुसरं घर होतं वाळवंटात. घर कसलं, कातड्याचा तंबू. तिथे माग काढणारे लोक राहत. वाळूवरचं पाऊल पाहून ते सांगत की माणूस कुठला, किती थकला आणि कुणावर रुसला. त्यांचा म्होरक्या बेजाक. दुष्काळात तो आपली माणसं घेऊन गडावर आला होता. 'आम्हांला चाकरीला ठेवा, वाळवंटात खायला उरलं नाही,' म्हणाला होता. आणि इपीने सांगितलं होतं, वाळवंटातल्या माणसाने वाळवंटात जावं. हे आठवून इपीचे पाय जड झाले. बेजाकने त्याचं येणं केव्हाच वाळूत वाचलं होतं.

"डावा पाय ओढतोस," बेजाक म्हणाला. "डोक्यावर जिवंत ओझं आहे. आणि तू मागे फिरायचा विचार वाटेत दोनदा केलास. तिथे टाचा खोल गेल्यात."

"केला," इपी म्हणाला.

"तरी आलास. बस."

त्या लोकांचा रिवाज असा की पाहुणा कोण, कशाला आला, हे त्याचे पाय धुतल्याशिवाय विचारायचं नाही. शत्रू असला तरी आधी पाय धुवायचे, मग काय ते भांडण. तंबूत पाण्याची एकच पखाल होती, तीही चपटी पडलेली. त्या घरी पाणी ओंजळीने वाटून पीत. बेजाकच्या म्हाताऱ्या बायकोने पखालीचं तोंड सोडलं आणि इपीच्या पायांवर धार धरली.

इपीला सगळं एकदमच कळलं. न मागता दिलेलं पाणी हेच! आणि ते चाललं होतं वाळूत! त्याने असा भोपळा काढला आणि असा पाय उचलला की तो पाठीवर आडवा झाला, एक तंगडी आकाशात आणि भोपळा टाचेखाली. धार टाचेवरून, चिखल घेऊन, वाटेतल्या काटेकुट्यासह भोपळ्यात पडू लागली. टोपली बाजूला कलंडली आणि आतून वारा म्हणाला, "काय चाललंय बाहेर?"

बेजाकच्या लोकांनी पुष्कळ पाहुणे पाहिले होते. असा पाहिला नव्हता. पण हसणं पाय धुऊन झाल्यावर, असा रिवाज. म्हणून सगळे दात आवळून उभे राहिले आणि पाय धुऊन झाल्याबरोबर तंबू हादरला.

इपी मात्र हसला नाही. तो पखालीकडे पाहत होता. ती आता आणखी चपटी झाली होती.

"उद्या तुम्ही काय पिणार?" त्याने विचारलं.

"उद्या विहिरीपर्यंत चालू," बेजाक म्हणाला. "लांब आहे. पण आहे."

"मी तुम्हांला दारातून हाकललं होतं."

"हो. ते मी पाय धुवायच्या आधी विसरलो नव्हतो," बेजाक म्हणाला. "आता धुतले."

इपीने त्या माणसाच्या पायांना हात लावला. गडाचा मोहरदार आजवर कुणापुढे वाकला नव्हता, फक्त मडक्यांपुढे वाकला होता. मग तो भोपळा असा छातीशी धरून निघाला की जणू त्यात राजाचा खजिना आहे. होतं काय, तर त्याच्याच पायांचं धुवण.

टिटवी वाटेत भेटली. पुन्हा उत्तरेला जाऊन आली होती. "मोहरदार, पाय उचल. दोराचा एक पीळ उरला आहे."

"तेती?"

"दोराला आपलं लुगडं गुंडाळून बसली आहे, घासू नये म्हणून. हात सोलले आहेत तिचे."

इपी पळू लागला. तिसरं घर कोणतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दारातून हाकललेली माणसं पुष्कळ होती, पण ज्या डोंगराच्या दिशेने टोपली आपोआप ओढ घेत होती तो डोंगर एकच होता. कुमायचा.

डोंगराच्या कुशीत एक गुहा. चूल थंड. घडा आडवा, आत कोळ्याने घर केलेलं. आणि कोपऱ्यात बकऱ्याच्या कातड्यावर कुमाय पडलेली. तिचा पाय सुजून खांबाएवढा झाला होता. ओठ फुटले होते.

"आलास," ती म्हणाली. आवाज वाळक्या पानासारखा.

"आजी, हे काय झालं?"

"तू परत लावलंस ना सूर्य बुडायच्या आत. थकलेल्या पायाने खडक उतरले. घसरले. वाटेतल्या डबक्यांवर जगत, दिवसेंदिवस सरपटत घरी आले, पण झऱ्यापर्यंत जाता आलं नाही." ती थोडी हसली. "शाप देताना मी स्वतःचं पाणी भरून ठेवायला विसरले. आता तुला द्यायला माझ्या घरी थेंब नाही, बाबा. मी सोडवू म्हटलं तरी तुला सोडवता येत नाही."

इपीने झरा कुठे विचारला. झरा डोंगरापलीकडे. जाऊन यायला सूर्य बुडला असता. त्याने म्हातारीच्या ओठांकडे पाहिलं. मग कमरेच्या भोपळ्यांकडे पाहिलं.

टिटवी दारातून किंचाळली, "मोहरदार! ते पाणी गेलं की तेती गेली! विचार कर!"

विचार इपीने केला. त्याला तेतीचे सोललेले हात दिसले. आशेमाचा तांब्या दिसला, चपटी पखाल दिसली. त्या लोकांनी मागितल्यावाचून दिलं होतं, आणि ही बाईही मागत नव्हती. इपीला रडू फुटलं, पण रडता रडताच त्याने पहिल्या भोपळ्याचं बूच काढलं, कुमायचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी तिच्या तोंडाला लावलं.

कुमाय गटागटा प्यायली. पहिला भोपळा संपला. तिच्या डोळ्यांत धुगधुगी आली, पण तहान गेली नव्हती. तहान अशी एका भोपळ्याने जात नाही. इपीने दुसराही उघडला. "घ्या, आजी." टिटवीने पंखात तोंड खुपसलं.

कुमायने दुसरा भोपळा आपल्या हाताने धरला आणि मोठा घोट घेतला. गाल फुगले. आणि ती थांबली. पाणी तोंडातच. भुवया हळूहळू वर गेल्या. जिभेवर काहीतरी करकरलं असावं. तिने इपीकडे पाहिलं आणि भुवईने विचारलं, हे काय?

खोटं बोलायची सोय नव्हती. इपीने मान खाली घातली. "आजी, त्यात माझे पाय धुतले आहेत."

कुमाय पाहत राहिली. गाल थरथरले. नाकातून फुर्र झालं. डोळे मिटले, खांदे हलू लागले. तिने फार आवरलं हो. जादूगारीण झाली म्हणून काय झालं, आवरायचं तरी किती? आणि मग तोंडातलं सगळं पाणी खो खो हसण्याबरोबर असं उडालं की समोर ठेवलेली टोपली न्हाऊन निघाली.

काळ्या दगडावर पाणी पडलं. जिभेवर उरलेलं आशेमाचं होतं, गालातलं बेजाकचं होतं, आणि आता कुमायच्या मुखातून आलं तेव्हा तिचंही झालं. न मागता. ठरवूनसुद्धा नव्हे. दगड आधी भुरा झाला, मग ओला झाला, मग साधी नदीकाठची माती होऊन खाली ओघळला. शेणकिडा विरघळून गेला.

झाकण उडालं. वारा बाहेर आला, उभा राहिला, गुहेच्या छताला डोकं आपटलं.

"कुणी कोंडलं मला?" वारा गरजला.

"मी," इपी म्हणाला.

वाऱ्याने त्याला एक थप्पड दिली. पागोटं उडालं, ते अजून सापडलेलं नाही. "आणि सोडवलं कुणी?"

"सगळ्यांनी," इपी म्हणाला. "माझी बायको नदीत आहे. आधी तिच्याकडे जा. मला मग हवं तेवढं मार."

वारा कुणाचं देणं डोक्यावर ठेवत नाही आणि कुणाला वाटेत सोडतही नाही. त्याने इपीला उचललं, कुमायला कातड्यासकट उचललं, टिटवीला म्हणाला तू आपली आपण ये, आणि आभाळाच्या वरच्या मजल्यावरून उत्तरेकडे सुटला. जाता जाता दोघांना अडसरगडच्या तटावर ठेवलं. सोबेकराव खाली जेवत होते. त्यांच्या ताटात थोडी वाळू पडली. वारा पुढे गेला, समुद्रात तोंड धुतलं, वळला, आणि नदीवर उतरून पाण्याच्या पाठीवरून वर वर येऊ लागला.

उकाड्याची धुरकट वाफ वाऱ्याने झाडून नेली होती, आणि तटावरून आता लांबची खिंड दिसू लागली होती. इपीने पाहिलं. दोराचा शेवटचा पीळ तुटला. नाव मागे घसरली. शीड डोलकाठीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं लटकलेलं. भोवऱ्याने नावेचं शेपूट धरलं आणि नाव गर्रकन एक फेरा फिरली. डोलकाठीला मिठी मारून एक बाई उभी होती. इपीने तटाची वीट धरली. वीट सुटून हातात आली.

आणि शीड हललं. एक सुरकुती गेली, दुसरी गेली. मग ते शीड असं फुगलं, असं फुगलं की खुद्द सोबेकरावांनी मत्सर करावा. नाव भोवऱ्याच्या तोंडातून सुटली आणि खिंडीतून वर आली, तांबूस पाणी कापत, पुढच्या बाजूला फेस उडवत, सरळ गडाच्या घाटाला.

गडावर जी ओरड झाली ती तुम्हांला कशी सांगावी? शिपाई रडले. आचारी रडला; तो तसाही रडायचा. इपी तटावरून घाटापर्यंत कसा उतरला ते त्यालाही आठवत नाही. धान्याची पोती उतरू लागली आणि पोत्यांच्या मागून तेती उतरली. लुगडं फाटलेलं, हात सोललेले, उन्हाने काळवंडलेली. ती पायरीवर थांबली आणि समोरच्या धुळीने माखलेल्या बोडक्या माणसाला नखशिखांत न्याहाळलं.

"अहो, इथे मोहरदार कुठे भेटतील?"

"तेती, मीच."

"छे. त्यांना पागोटं असतं. आणि वाटेत सगळे सांगत होते, ते म्हणे कुणाला दारातून आत घेत नाहीत. खरं का?"

इपीने तिचे हात हातात घेतले आणि ते असे धरले की दुखू नयेत.

सोबेकराव ढेकर देत दारात आले. कुमायला पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "दक्षिणेची बाई? भाकर द्या, दारू द्या, सूर्य बुडायच्या—"

"किल्लेदारसाहेब," इपी म्हणाला, "या बाईंचा पाय दुखावला आहे माझ्यामुळे. आज तुम्ही जे जेवलात त्यानंतरचं जेवण यांच्यामुळे मिळणार आहे. आणि नदीकाठची आशेमा, वाळवंटातला बेजाक, यांच्यामुळेही. आधी त्यांच्या वाट्याची पोती काढू द्या. मग कोठार मोहरतो."

सोबेकरावांनी पोत्यांकडे पाहिलं, शिडाकडे पाहिलं, म्हातारीच्या पायाकडे पाहिलं. वाऱ्याने त्यांच्या घामेजल्या टकलावर हलकेच फुंकर घातली. किती दिवसांनी!

"हा वारा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," कुमाय म्हणाली.

"आजी," किल्लेदार म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हा शब्द गडावर प्रथमच ऐकू आला, "पुढल्या साली येताना आधी कळवा. पालखी पाठवतो."

असा शाप सुटला. आशेमाकडे धान्य गेलं. बेजाकची माणसं गडावर चाकरीला आली. त्यांनी पहिल्याच दिवशी वाळूत पाहून सांगितलं की आचारी लोणी चोरतो. दक्षिणेच्या माणसाला भाकर मिळू लागली, दारू मिळू लागली, आणि रात्रीची पडवीही मिळू लागली. महाराजांना निरोप गेला, सर्व काही क्षेम आहे. महाराजांना काय माहीत, तो पहिल्यांदाच खरा होता.

पण त्या संध्याकाळी एवढं सगळं झालं नव्हतं अजून. त्या संध्याकाळी दार उघडं होतं, एका बाजूला कुमाय उभी होती इपीच्या खांद्यावर भार टाकून, एका बाजूला तेती उभी होती, आणि दोघी उंबऱ्यापाशी थांबल्या होत्या, कारण त्या गडाच्या उंबऱ्यापाशी थांबायचं असतं हे दोघींनी ऐकलं होतं. इपी मोहरदाराचं काम लोकांना इथून परत लावायचं. या दारात काय बोलायचं ते त्याला पाठ होतं, पण त्यातला एकही शब्द आता कामाचा नव्हता. त्याने मोकळा हात आत दाखवला.

"या," इपी म्हणाला. "आत या."

तर त्यांच्या शिडात वारा भरला तसा तुमच्याही भरो. आणि ज्यांच्याकडे शीड नाही, त्यांच्या चुलीला तरी तो वेळेवर लागो.